हरकतवाला विलासदादा

माझ्या बहिणीच्या लग्नपत्रिकेवर विलासदादा भालेरावने तीन हरकती घेतल्या होत्या, आणि त्यातली एक माझ्या वडिलांनी चक्क मान्य केली.

पत्रिका द्यायला मीच गेलो होतो. लोक पत्रिका हातात घेतात, वरचा गणपती बघतात, "वा, छान" म्हणतात आणि टीव्हीच्या मागे खोचून ठेवतात. विलासदादाने ती पाठपोट वाचली, खिशातून पेन्सिल काढली आणि म्हणाला, "हरकत क्रमांक एक. मागच्या नकाशात मंगल कार्यालय पाथर्डी रस्त्याच्या डाव्या हाताला दाखवलंय. ते उजव्या हाताला आहे. पुरावा पाहिजे असेल तर गाडी काढ, दाखवतो." दुसरी हरकत 'आपली उपस्थिती हाच आहेर' या ओळीवर होती, कारण तिच्या बरोबर खाली 'कृपया आहेर आणू नये' असं छापलेलं होतं. "दोन्ही ओळी एकत्र वाचल्या तर माणसानं लग्नाला यायचंच नाही, असा अर्थ निघतो." तिसरी हरकत नवरदेवाच्या पदवीवर होती. ती इथे सांगत नाही, कारण भावजी हे वाचण्याची शक्यता आहे.

वडिलांनी नकाशापुरती हरकत मान्य केली. मग सगळ्या पत्रिकांच्या पाठीवर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवायचं काम निघालं आणि ते माझ्या गळ्यात पडलं, कारण घरात रिकामा असा मी एकटाच होतो. खरं तर मी रिकामा नव्हतो, सरकारी भरतीच्या परीक्षेची तयारी करत होतो. पण बाहेरून दोन्ही अगदी सारखं दिसतं.

माझी ओळख थोडक्यात उरकतो. मी प्रमोद, इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनीअर. शिक्षण झाल्यावर नागापूरच्या एमआयडीसीत पॅनल बनवणाऱ्या एका कारखान्यात लागलो. तिथे माझं मुख्य काम वायरींच्या टोकांना नंबर घालण्याचं होतं. हे काम दहावी नापास मुलगा माझ्यापेक्षा लवकर करायचा, म्हणून मला वाटायला लागलं की माझी बुद्धी इथे वाया जाते आहे. म्हणून एका सरकारी कंपनीच्या कनिष्ठ अभियंता पदाची तयारी करायला मी नोकरी सोडली आणि भिंगारला आत्याकडे येऊन राहिलो. आत्याला फार अभिमान वाटला. तिने पहिल्याच आठवड्यात बिघडलेला रिमोट माझ्यापुढे ठेवला. मी तो उघडला. तो अजून उघडाच आहे.

आत्याच्या घराजवळ बुद्धविहार आहे आणि त्याच्या वरच्या मजल्यावर वस्तीतल्या लोकांनी अभ्यासिका काढलेली आहे. लांब टेबलं, पंखे, थंड पाण्याचं मशीन आणि 'शांतता राखा' अशी पाटी. कुणीही यावं आणि बसावं. विलासदादा खिडकीशी बसायचा. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, किडकिडीत, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. पहिल्या दिवशी मी त्याला "जय भीम दादा, इथं बसू का?" असं विचारलं. त्याने मान वर केली आणि म्हणाला, "'इथं' म्हणजे कुठं? ही खुर्ची पंख्याखाली आहे, ती नाही. आधी पर्याय नीट वाच, मग उत्तर दे." मी पंख्याखालची खुर्ची घेतली. तो पंखा बंद होता. "म्हणून म्हणलं, वाच," दादा म्हणाला.

ज्यांनी अशा परीक्षा दिलेल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. हल्ली परीक्षा कॉम्प्युटरवर होते. चार पर्यायांतला एक निवडायचा. बरोबर आला तर एक गुण मिळतो, चुकला तर पाव गुण कापतात. परीक्षा झाली की काही दिवसांनी उत्तरतालिका वेबसाइटवर येते. एखादं उत्तर चुकीचं दिलंय असं वाटलं, तर उमेदवाराने आपलं लॉगिन वापरून पुराव्यासकट हरकत घ्यायची. मग तज्ज्ञ मंडळी बसून ठरवतात. बाकीची पोरं उत्तरतालिका आली की धडधडत्या छातीने गुण मोजतात. विलासदादा गुण मोजायचाच नाही. तो थेट 'हरकत नोंदवा' या बटणावर जायचा. त्या चार-पाच दिवसांत त्याच्या तोंडावर जे तेज यायचं ते मी दिवाळीतही कुणाच्या तोंडावर पाहिलेलं नाही.

हरकत घेण्याची त्याची एक ठरलेली रीत होती. आधी म्हणणं, मग पुरावा, मग विनंती. "सबब, उत्तर दुरुस्त करावे ही नम्र विनंती." हे तो वेबसाइटवर लिहायचा तसंच तोंडीही बोलायचा. वडापाववाल्याला म्हणायचा, "पाटीवर 'गरम वडापाव' लिहिलंय. वडा गरम आहे, पाव थंड आहे. सबब, पाटी दुरुस्त करावी ही नम्र विनंती." वडापाववाला त्याला दोन मिरच्या जास्त देऊन वाटेला लावायचा.

गंमत अशी की माझ्या वडिलांसारख्या अनेकांनी त्याच्या हरकती मान्य केल्या, पण भरतीवाल्यांनी एकही केली नाही. दर वेळी तेच उत्तर यायचं, 'तज्ज्ञ समितीने आपली हरकत तपासली. उत्तरात बदल नाही.' मी एकदा न राहवून विचारलं, "दादा, कंटाळा येत नाही का तुला?" तो म्हणाला, "अरे, आजवर इतक्या ठिकाणी नोकरीचे अर्ज केले. एकानंही उलटून विचारलं नाही की बाबा तू कोण. हरकतीला निदान उत्तर तरी देतात." हे त्याने इतक्या सहज सांगितलं की मी हसलो. तोही हसला.

पोटापाण्यासाठी तो सीसीटीव्ही बसवायची कामं घ्यायचा. सावेडीतले बंगले, शिर्डीतले लॉज. शिर्डीच्या एका लॉजवर कॅमेरे बसवून झाल्यावर तो हात धुवायला गेला. नळाला गार पाणी आलं आणि डोक्यावर पाटी होती, 'चोवीस तास गरम पाणी'. झालं. मॅनेजरला त्याने म्हणणं, पुरावा, विनंती असं सगळं ऐकवलं. पुरावा म्हणून मॅनेजरचा हात धरून नळाखाली नेला. त्या लॉजचं पुढचं काम दुसऱ्याला गेलं, पण पाटीवरचे 'चोवीस तास' हे शब्द पांढऱ्या रंगाने पुसले गेले. दादा शिर्डीला कुठल्याही कामाला गेला की मुद्दाम वाकडी वाट करून ती पाटी बघून यायचा.

त्याचं लग्न का जमलं नाही, याचीही एक गोष्ट आहे. राहुरीकडे मुलगी बघायला गेले होते. चहा झाल्यावर मुलीच्या वडिलांनी विचारलं, "मग, मुलगी पसंत आहे का?" दादा म्हणाला, "प्रश्न अपूर्ण आहे. हा प्रश्न आधी तिला विचारला होता का, ते कळल्याशिवाय मला उत्तर देता येणार नाही." मुलगी खुदकन हसली. वडील नाही हसले. परत येताना एसटीत दादा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता, असं त्याच्या वडिलांनी मला सांगितलं. मुलीचं हसणं त्याला आवडलं होतं म्हणे.

आमच्या दोघांच्या अभ्यासाच्या पद्धती वेगळ्या होत्या आणि दोन्ही तितक्याच निरुपयोगी होत्या. मी वेळापत्रकं करायचो. चार रंगांच्या पेनांनी आखलेलं वेळापत्रक भिंतीवर लावलं की मला निम्मा अभ्यास झाल्यासारखं वाटायचं आणि मी विश्रांती घ्यायचो. उठल्यावर वेळापत्रक चुकलेलं असायचं, म्हणून नवीन करायचो. मोबाईलवर व्याख्यानं दुप्पट वेगाने लावायचो. त्यात ते सर चिमणीसारखे बोलायचे आणि मला डुलकी लागायची. दादाचं उलट होतं. तो पुस्तक उघडायचा, पहिल्याच प्रकरणात त्याला छापलेलं उत्तर चुकीचं सापडायचं, आणि मग प्रकाशकाला ई-मेल लिहिण्यात त्याचा दिवस जायचा. दुसरं प्रकरण त्याने कुठल्याच पुस्तकाचं वाचलं नव्हतं, असं सारिका म्हणायची. सारिका म्हणजे आमच्या समोर बसून नर्सिंगच्या परीक्षेचा अभ्यास करणारी पोरगी. तिची जीभ इंजेक्शनच्या सुईसारखी होती आणि आमच्या टेबलावर अभ्यास करणारी ती एकटीच होती.

परीक्षेतही दादाचं तेच व्हायचं. प्रश्न सोपे असले तर तो भराभर सोडवायचा. पण मध्येच एखादा ढिसाळ शब्दांतला प्रश्न आला की संपलं. तो त्या प्रश्नाशी भांडत बसायचा. हरकतीचा मजकूर मनातल्या मनात जुळवायचा. वेळ संपायची तेव्हा पुढचे वीस-पंचवीस प्रश्न त्याने उघडलेलेही नसायचे. दर वर्षी तो थोडक्यात राहायचा आणि ते राहणं त्याच्या हुशारीमुळे असायचं, हे जास्त वाईट होतं.

मग ते वर्ष आलं. वयोमर्यादेतली सगळी सवलत धरूनही दादाला ही परीक्षा शेवटची होती. पुढच्या भरतीला त्याला अर्जच करता येणार नव्हता. हे तो कधी बोलला नाही, पण अण्णा बोलले. अण्णा म्हणजे त्याचे वडील. लष्कराच्या वर्कशॉपात स्टोअरला नोकरी करून निवृत्त झालेले. घरात बाप-लेक दोघंच. परीक्षेच्या आदल्या दिवशी अण्णा विहारात आले, आमच्या टेबलाशी उभे राहिले आणि म्हणाले, "विल्या, येक काम कर. ह्या टायमाला पेपरासंगं भांडू नको. त्यो काय इचारतोय तेवडं सांग आन् ये घरी."

"बरं अण्णा," दादा म्हणाला.

"शब्द दे."

दादाने शब्द दिला. आम्ही दोघं पहाटेच्या एसटीने पुण्याला गेलो. केंद्राच्या दारावर आमच्या चपला, पट्टे, माझ्या मनगटावरचा आत्याने बांधलेला धागा, सगळं काढून घेतलं. भिंतीवरचं घड्याळ कॉम्प्युटरच्या घड्याळापेक्षा पुढे होतं. मी दादाकडे बघितलं. त्याने घड्याळाकडे बघितलं आणि मुकाट्याने आपल्या खुर्चीवर जाऊन बसला. शब्द पाळणं किती जड जातं ते मी तेव्हा पाहिलं.

माझ्या पेपरबद्दल न बोललेलंच बरं. शेवटच्या काही मिनिटांत कितीतरी प्रश्न उरले होते. मी डोळे मिटून कुलदैवताचं नाव घेतलं आणि उरलेल्या सगळ्यांना 'क' पर्याय लावत गेलो. चुकलं तर गुण कापतात हे मला ठाऊक होतं, पण त्या क्षणी माणसाला रिकामी जागा बघवत नाही. दादा मात्र बाहेर आला तो हसतच. "सगळे प्रश्न उघडले," तो म्हणाला. "एकाशीही भांडलो नाही." परतीच्या एसटीत त्याने कंडक्टरला दोन हरकती ऐकवल्या, तेव्हा मला जिवात जीव आल्यासारखं वाटलं.

उत्तरतालिका आली. या वेळी दादाने पहिल्यांदाच गुण मोजले, म्हणजे आम्ही त्याला मोजायला लावले. सारिकाने दोनदा बेरीज केली. गेल्या भरतीचा कटऑफ धरला तर दादा त्याच्या प्रवर्गाच्या रेषेच्या किंचित वर होता आणि मी माझ्या प्रवर्गाच्या रेषेच्या किंचित खाली. अभ्यासिकेत 'शांतता राखा' या पाटीखाली पहिल्यांदा टाळ्या वाजल्या. मीही मनापासून वाजवल्या. माझं वय शिल्लक होतं, पुढच्या वर्षीसाठी वेळापत्रक करायला मला आवडलंच असतं.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर दादा खिडकीशी बसून एकाच प्रश्नाकडे बघत होता. त्याच्या तोंडावर ते हरकतीच्या दिवसांतलं तेज नव्हतं.

प्रश्न झेनर डायोडचा होता. हा एक छोटा भाग असतो. व्होल्टेज एका ठरावीक आकड्याच्या वर जाऊ लागलं की तो काम सुरू करतो आणि ते तिथंच रोखून धरतो. त्याच्या आत असलं तर तो नुसता बसून राहतो. आकृतीत बारा व्होल्टचा झेनर दाखवला होता आणि बाहेर किती व्होल्टेज मिळेल असं विचारलं होतं. घाईत बघणारा माणूस बारा म्हणणार. पण आकृतीतली बाकीची मांडणी नीट पाहिली तर झेनरपर्यंत आठच व्होल्ट पोचत होते. म्हणजे तो कामच करत नव्हता. उत्तर आठ. उत्तरतालिकेत बारा दिलं होतं.

"तू काय लावलं होतंस?" मी विचारलं.

"बारा," दादा म्हणाला. "शब्द दिला होता ना. थांबलो नाही, भांडलो नाही, पहिलं दिसलं ते लावलं. तू?"

माझं उत्तर आठ होतं. आठ हा पर्याय 'क' होता. तो प्रश्न मी वाचलासुद्धा नव्हता.

सारिकाच्या लक्षात आधी आलं. ती म्हणाली, "दादा, येडा झाला का तू? हरकत मान्य झाली तर तुझा गुण जाईल, वर पाव कापतील. तू रेषेच्या खाली जाशील."

"जाईन," दादा म्हणाला.

"आणि ह्या 'क' लावणाऱ्याला गुण मिळेल."

"मिळेल. त्याचं उत्तर बरोबर आहे."

"त्यानं वाचलंसुद्धा नाही."

"उत्तर वाचून दिलं की न वाचता, असा रकाना नसतो तिथं."

मी खूप समजावलं. म्हटलं, दादा, माझी अजून वर्षं आहेत, तुझं हेच शेवटचं. तो म्हणाला, "वर्षांचा आणि झेनरचा काय संबंध?" मी म्हटलं, तुझं आणि त्यांचं उत्तर सारखंच आहे, कशाला उकरून काढतोस? तो म्हणाला, "माझी चूक आणि त्यांची चूक सारखी निघाली म्हणून ती बरोबर होत नाही, प्रमोद." शेवटी मी एका इंजिनीअरला शोभेल असा उपाय केला. अभ्यासिकेचं वायफाय बंद पाडायचं ठरवलं आणि टेबलाखाली वाकून राऊटरची पिन उपसली. ती थंड पाण्याच्या मशीनची निघाली. मुदत संपायच्या दिवशी दादाने स्वतःच्या मोबाईलवरून हरकत पाठवली. म्हणणं, पुरावा, विनंती. मला वाचून दाखवली. त्याने आजवर लिहिलेल्यांत ती सगळ्यांत छोटी होती.

अंतिम उत्तरतालिकेत झेनरचं उत्तर आठ झालं. निकाल लागला. माझं नाव यादीत होतं, अगदी तळाशी, पण होतं. विलास भालेराव हे नाव नव्हतं.

आत्याने गल्लीभर सांगितलं. माझ्या वडिलांनी गावाकडून फोनवर चक्क गळा काढला. मी अंगात कणकण आहे असं सांगून खोलीत पडून राहिलो. विहारात जायची हिंमत होत नव्हती. दुसऱ्याच्या ताटातला घास आपल्या तोंडात पडला आणि तोही डोळे मिटून बसलो असताना, असं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी विलासदादाच आला. हातात पेढ्यांचा बॉक्स होता. मी उठून बसलो आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "थांब. तुझे पेढे तू वाट, मी येईन खायला. हे माझे आहेत. हरकत मान्य झाली."

त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. 'आपली हरकत ग्राह्य धरण्यात आली असून उत्तर दुरुस्त करण्यात आले आहे.' एवढंच होतं. तो बोट ठेवून म्हणाला, "'आपली' लिहिलंय बघ. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं की भालेराव, तुमचं बरोबर आहे." त्याचा चेहरा खरोखर फुलला होता. मला त्याच्याकडे बघवेना. मग मोबाईल खिशात ठेवत तो म्हणाला, "तिकडं ऑफिसात परिपत्रकं निघतील. चुका असणारच त्यांत. मला पाठवत जा. आता परीक्षेला बसता येणार नाही म्हणजे लॉगिन नाही. मग हरकत घ्यायची तरी कशावर?"

मी पाठवीन म्हणालो.

मग त्याने मला हाताला धरून पेढे वाटायला बाहेर काढलं. गल्लीत जो तो विचारायचा, "लागला का दादा?" आणि दादा प्रत्येकाला थांबवून सांगायचा, "मी नाही. नोकरी ह्याला लागली. माझी हरकत मान्य झाली." गिरणीवाले काका म्हणाले, "म्हणजे एकच की." तेव्हा त्याने गिरणी बंद करायला लावली आणि दोन्हींतला फरक समजावून सांगितला. पिठाने पांढरे झालेले काका पेढा हातात धरून सगळं ऐकत उभे राहिले. कुणाचाही गैरसमज त्याने राहू दिला नाही.

असे वाटत वाटत आम्ही विहाराच्या पलीकडे त्याच्या घरी पोचलो. दारात खुर्च्या टाकून अण्णा आणि त्यांच्या वर्कशॉपातले एक जुने सोबती बसले होते. दादाचे पेढे निघाल्याची बातमी आमच्या आधी तिथं पोचली होती; माझं नाव यादीत आल्याची नाही, आणि निकालाबद्दल दादाने घरी काही सांगितलेलं नव्हतं.

"आलं बगा आमचं सायेब," अण्णा म्हणाले आणि उठून उभे राहिले. "मी तुमाला म्हनत हुतो का न्हाई? उशीर हुईल, पन हुईल. लोकं इचारायची, पोरगं काय करतं. मी म्हनायचो, परीक्षा देतं. लई वर्सं त्येवडंच सांगत आलो." त्यांनी दादाचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "गेल्या टायमालाच व्हायचं हुतं तुजं. त्येंचंच कायतरी चुकलं आसनार."

मला दादाची रीत माहीत होती. त्याने श्वास घेतला, म्हणणं मांडायच्या आधी घ्यायचा तसा. उजव्या हाताचं बोटही वर आलं. मी खाली बघितलं, कारण पुढचं मला ऐकायचं नव्हतं.

"व्हय अण्णा," विलासदादा म्हणाला.

त्याने बॉक्समधला पेढा काढून अण्णांच्या तोंडात घातला. सोबत्यांनी विचारलं, "कुठं टाकतील रं?" दादा म्हणाला, "अजून कळलं नाही, काका." खरं तर निवडलेल्यांनी कुठं रुजू व्हायचं त्याची सूचना वेबसाइटवर आलेली होती आणि ती त्याने कालच माझ्याआधी वाचून काढली असणार. अण्णा एका हाताने डोळे पुसत दुसऱ्या हाताने माझी पाठ थोपटत होते, "तुजंबी हुईल पोरा, नेटानं कर." मी हो म्हणालो. पेढा घशात अडकल्याचं निमित्त करून मी दोन-तीनदा खोकलो आणि डोळे पुसून घेतले.

चहा झाल्यावर दादा मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आला. नेहमीसारखा रस्त्यावरच्या पाट्या वाचत नव्हता. मी म्हटलं, "दादा, अण्णांना आज ना उद्या कळणारच."

"उद्या सकाळी सांगतो," तो म्हणाला. "माझी परीक्षा झाली की निकाल लागेपर्यंत झोपत नाहीत ते. उठून बसतात. त्यांना वाटतं की माझं लक्ष नसतं. आज एक रात्र झोपू दे त्यांना."

आम्ही कोपऱ्यावर पोचलो. मग तोच म्हणाला, "चूक आहे, मला कळतंय. कुणाला हरकत घ्यायची असेल तर घेऊ दे. मी घेणार नाही."

बॉक्समध्ये उरलेले दोन पेढे त्याने माझ्या हातावर ठेवले, आत्याला दे म्हणाला, आणि घराकडे वळला.